नानांचा पहिल्या तारखेचा चेक

२० फेब्रुवारी

प्रिय खजिनदार,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. डेपोच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतोय. घरी पाठवलं असतं तर ते आधी तुमच्या बायकोने वाचलं असतं आणि पाचव्या मिनिटाला तिने तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन लावला असता. आपले फोन तर आपल्यापेक्षा त्या दोघींनाच जास्त चांगले उघडता येतात. दोन साडवांना खाजगीत चार शब्द बोलायचे तर कागदच काढावा लागतो. कागदाला मात्र मी कमी नाही. हा चेकबुकाच्या वेष्टनाचा आहे, मागून कोरा. आमच्या छापखान्यात सध्या असा ढीगभर पडून आहे.

विषय आपल्या सासरेबुवांचा आहे.

सासूबाई गेल्यावर नाना आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. जावयाच्या घरी फुकट राहणार नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत येतात आणि माझ्या हातात चेक ठेवतात. "वाचा," म्हणतात. मी उभ्याने वाचतो. नाव, अक्षरी रक्कम, आकडी रक्कम, तारीख, सही. ते मान हलवतात आणि मग आम्ही चहा पितो. सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. आता तुम्ही खुशाल हसा, पण मला तो कार्यक्रम आवडायला लागलाय. मी आयुष्यभर चेक छापले, पण चेक इतक्या इभ्रतीने दिलेला कधी बघितला नव्हता.

तर जानेवारीचा चेक परत आला. 'सही जुळत नाही.' फेब्रुवारीचाही आला. थंडीपासून त्यांचा उजवा हात कापतो. आणि हे कुणाच्या बाबतीत व्हावं? नाना आयुष्यभर बँकेत त्याच टेबलावर बसलेले. नमुन्याच्या सहीचं कार्ड डाव्या हाताला, चेक उजव्या हाताला, आणि मान दोन्हींच्या मध्ये. परत आलेला चेक त्यांनी भिंग लावून बघितला आणि म्हणाले, "बरोबर परत केलाय. मी असतो तर मीही केला असता." त्या दिवशी चहाला आले नाहीत.

मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. नव्या सहीचा नमुना देऊ म्हटलं. काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. तिने पाच सह्या करायला सांगितल्या. पाच सह्या पाच प्रकारच्या आल्या. "आजोबा, यातली कुठली धरू?" तिने विचारलं. नाना हसले.

रोख द्या म्हटलं, तर म्हणाले, "जावयाच्या तळहातावर नोटा मोजायला हे काय लॉज आहे?" फोनवरून पाठवा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथेच सोडला. आणि परवा जेवताना शांतपणे सांगितलं की त्यांनी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. तिथे बँकेतून परस्पर पैसे कापून घेतात, सहीची भानगड नाही. मार्चचा चेक परत आला तर एप्रिलपासून ते तिकडे जाणार. बायको ताटावरून उठली. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "जो देतो तो घरातला. जो देत नाही तो पाहुणा. आणि पाहुण्याने किती दिवस राहायचं?"

ते बोलतात ते करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला ते जायला नको आहेत, साडूभाऊ. सासरा म्हणून नाही, माणूस म्हणून नको आहेत. तुम्ही दिवसभर एटीएममध्ये पैसे भरत फिरता, पैशाच्या वाटा तुम्हाला जास्त कळतात. काहीतरी सुचवा.

तुमचा,
छापखाना

ता. क. तीन यंत्रांपैकी दोन आता प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलीत. तुमच्या लोकांनी आम्हाला मारलं. मयताला या म्हणजे झालं.


२७ फेब्रुवारी

प्रिय छापखाना,

मयताला येईन, पण खांदा देताना माझाच पाय घसरेल. तुम्हाला वाटतं चेक गेले आणि रोकड जिंकली? गेल्या वर्षी माझ्या फेरीत इतकी मशीनं होती की डबा गाडीतच खावा लागायचा. आता दुपारी घरी जेवतो आणि बायको विचारते, "आज पण लवकर?" मागच्या आठवड्यात आम्ही एक मशीन उचलून आणलं. रिकामी जागा, भिंतीला चार भोकं आणि खाली कुणीतरी टाकलेल्या पावत्या. शेजारचा चहावाला म्हणाला, बरं झालं, आता मला तिथे खुर्च्या मांडता येतील. त्याच्याकडेही पैसे फोननेच घेतात. आपण दोघं एकाच आजाराचे पेशंट आहोत, फक्त तुम्ही आधी दाखल झालात.

आता नानांचं. तुम्ही फार सरळ विचार करता, म्हणून अडता. नानांना काय हवंय? चेक द्यायचा आहे आणि खात्यातून तेवढे पैसे गेलेले बघायचे आहेत. बँकेला काय नकोय? ती सही. मग चेक बँकेत नेताच कशाला? एक तारखेला चेक घ्या, नेहमीसारखा वाचा, चहा प्या. मग तो फाडून टाका. नानांचं एटीएम कार्ड आहे ना? सासूबाईंच्या आजारपणात काढलेलं. त्या कार्डाने तेवढीच रक्कम काढून आणा. खात्यात तेवढेच पैसे कमी होतील. नाना पासबुकात शेवटची शिल्लक बघतात, ती जुळली की झालं. त्यांचा मान राहील, ते घरी राहतील, आणि तुम्हाला तुमचे पैसे मिळतील. कुणाचं काय वाकडं झालं?

एवढं डोकं चालवल्याबद्दल पुढच्या भेटीत मला चहाबरोबर काहीतरी खायला मिळालं पाहिजे.

तुमचा,
खजिनदार


९ मार्च

प्रिय खजिनदार,

केलं एकदाचं.

एक तारखेला नाना आले. चेक देताना हात इतका कापत होता की कागदाचा आवाज येत होता. मी वाचला. सही म्हणजे एक वाकडीतिकडी रेघ, शेवटी खाली घसरलेली. मी म्हटलं, "उत्तम." दुपारी नाना झोपले असताना त्यांच्या कपाटातून, शर्टांच्या घडीखालून, कार्ड काढलं. आकडा मला पाठ आहे. नानांनी तो फक्त माझ्या बायकोला सांगितला होता, आणि सासूबाई दवाखान्यात असताना तिने एकदा मला चिठ्ठीवर लिहून पैसे आणायला पाठवलं होतं. नानांना ते माहीत नाही.

मशीनसमोर उभं राहिल्यावर मला घाम फुटला. तुम्ही रोज त्या मशीनच्या पोटात हात घालता, तुम्हाला नाही कळायचं. मी घेतोय ते माझेच पैसे, देणाऱ्याने राजीखुशीने दिलेले, आणि तरीही मी चोरासारखा मागे बघत होतो. मग चेक फाडला. आपल्याच यंत्रावर आपण आखलेल्या रेघा, आपण घातलेला क्रमांक, खाली ती खास शाईची ओळ, सगळं चार तुकड्यांत खिशात. हात जड झाला, खरं सांगतो.

पण चार दिवसांनी मी नानांना म्हटलं, "वटला बरं का चेक." तुम्ही त्यांचा चेहरा बघायला हवा होता. संध्याकाळी मला पंखा उगाच चालू ठेवल्याबद्दल झापलं. दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी या घरात कुणाला तरी झापलं. बायको स्वयंपाकघरात ऐकून हसली. मीही हसलो.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहते, पण चेहऱ्यावर लपत नाही.

वृद्धाश्रमाचं नाव सध्या निघत नाही. तुमचं डोकं सुपीक आहे, एवढं या कागदापुरतं कबूल करतो.

तुमचा,
छापखाना


२ एप्रिल

प्रिय छापखाना,

बघा, मी म्हटलं नव्हतं? दर महिन्याला हेच करत राहा. नानांना शंभरी गाठू दे.

परवा एक गंमत झाली. एका मशीनमध्ये आम्ही कॅसेटी भरत होतो. कॅसेटी म्हणजे नोटांचे डबे. बाहेर एक बाई थांबल्या होत्या. माझा जोडीदार म्हणाला, "बाई, फोनने करा ना, वाट कशाला बघता?" त्या म्हणाल्या, "फोनने केलं की घरी कळतं." एवढंच. पैसे काढले, पदराआड धरून मोजले आणि गेल्या. मी दिवसभर तोच विचार करत होतो. फोनवर प्रत्येक पैसा बोलतो, कुठून आला, कुठे गेला, कितीला गेला. नोट गप्प असते. माणसाला घरातही थोडं गप्प राहायला जागा लागते. रोकड संपेल तेव्हा ती जागाही संपेल असं मला वाटतं. पण माझं कोण ऐकतं? मी फक्त डबे भरतो.

पुढच्या सुट्टीत आम्ही येतोय. नानांना सांगा, माझ्यासाठीही एखादं झापणं शिल्लक ठेवा.

तुमचा,
खजिनदार


१२ मे

चि. धाकटे जावई यांस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाचता येत नसेल तर माफ करा. हात ऐकत नाही, म्हणून सावकाश लिहितो आहे. हे पत्र तुमच्या कामाच्या पत्त्यावर पाठवतो, कारण यातला मजकूर धाकटीला कळू नये आणि तिच्याकडून थोरलीला तर मुळीच कळू नये.

मला एटीएमविषयी एक माहिती हवी आहे आणि ती तुमच्याइतकी कुणाला असणार नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम निघते? ती मर्यादा वाढवता येते का? त्यासाठी मला बँकेत जावं लागेल का, आणि सही लागेल का?

कारणही सांगतो, पण ते तुमच्याजवळच ठेवा. मार्चपासून माझ्या पासबुकात दर महिन्याला एक नोंद येते आहे. मशीनमधून रोख काढल्याची. रक्कम माझ्या चेकएवढीच. चेकच्या क्रमांकाची नोंद मात्र एकही नाही. मी पुष्कळ वर्षं बँकेत काढली, शिल्लक बघायच्या आधी मी नोंद बघतो. म्हणजे मोठ्या जावयांनी चेक भरलेच नाहीत, हे उघड आहे. माझी सही वटणार नाही हे त्यांना कळलं, आणि माझा मान राखायला ते 'वटला' म्हणतात. मोठ्या मनाचा माणूस आहे. पैशांचं मात्र त्यांना ठाऊक नसावं. कार्डाचा आकडा मी एकट्या थोरलीला सांगितला आहे.

तिच्यावर रागावलेलो नाही. तिच्या नवऱ्याचं काम जाणार हे दिसतंच आहे. घर चालवणारीला ते आधी कळतं. माझ्याजवळ मागायला तिला लाज वाटली असेल, म्हणून न विचारता घेते. तेही बेताने, मी देत होतो तेवढंच. तिला वाटतं म्हातारा फक्त शिल्लक बघतो. बघू दे तसंच.

मी वृद्धाश्रमाचा विचार सोडला आहे. ज्या घराला आपली गरज आहे ते घर सोडून कसं जायचं? फक्त तिला एका खेपेला जास्त लागले तर मशीनने नाही म्हणू नये, एवढीच काळजी आहे. कार्ड शर्टांच्या खाली शोधायला लागू नये म्हणून मी ते किल्ल्यांच्या शेजारी ठेवलं आहे.

मोठ्या जावयांना यातलं काही बोलू नका. ते मानी आहेत.

आपला,
नाना

ता. क. वरची सही ओळखू येत नसली तरी पत्र माझंच आहे.


१५ मे

प्रिय छापखाना,

आज थट्टा नाही. नानांचं मूळ पत्रच सोबत पाठवतोय. आधी ते वाचा, मग पुढचं.

वाचलंत?

मी ते गाडीत बसून तीनदा वाचलं. जोडीदाराने विचारलं, घरी काही झालं का? मी पत्र खिशात घातलं. मी तुम्हाला म्हटलं होतं की शिल्लक जुळली की झालं. नाना नोंद बघतील हे माझ्या सुपीक डोक्यात आलं नाही. आणि त्यांनी सगळं बरोबर ओळखलं. चेक भरले नाहीत हे ओळखलं, तुमचा चांगुलपणा ओळखला. चुकलं ते एकच. तुम्हाला आकडा माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

आता तुम्हीच सांगा मी त्यांना काय उत्तर लिहू?

खजिनदार


२१ मे

प्रिय खजिनदार,

पत्र कालच मिळालं. छापखान्याच्या दारात उभ्यानेच वाचलं.

आता सगळं ध्यानात येतंय. मधे त्यांचा चष्मा बदलायचा होता, डॉक्टरांनी लिहून दिला होता, तर म्हणाले, "जुनाच बरा आहे, खर्च कशाला." सकाळचा पेपर बंद करायला सांगितला, शेजाऱ्यांचा वाचून आणतात. मला वाटलं म्हातारपणाचा विक्षिप्तपणा. परवा बायको भाजीवाल्याशी घासाघीस करत होती, तर हे खिडकीतून तिच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नाना, काय बघताय?" म्हणाले, "काही नाही. शिकली बिचारी." मी हसलो होतो. काय मूर्ख माणूस मी.

पण एक सांगू? तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती अशी, की नाना जाणार नाहीत. त्यांनी स्वतः लिहिलंय. चेकच्या लबाडीने मी त्यांना महिन्या-महिन्याने थांबवत होतो, आता ते आपल्या मनाने थांबलेत. आणि आनंदात आहेत हो. सकाळी स्वतःच्या खोलीचा केर काढतात, बायकोला म्हणतात, "तू बस जरा." खरं सांगितलं तर काय होईल? आम्हाला गरज नाही हे कळेल, सही कायमची गेली हे कळेल, आणि आपण दोघांनी त्यांना लहान मुलासारखं फसवलं हेही कळेल. दुसऱ्या दिवशी बॅग भरतील.

बायकोला काही माहीतच नाही, मग तिला दुःख कसलं? राहू दे ना असंच. नानांना लिहा, मर्यादा भरपूर आहे, काही करायला नको.

तुमचा,
छापखाना


२५ मे

छापखाना,

नानांना मी तसंच लिहिलं. एवढी एक गोष्ट तुमची ऐकली.

बाकी मला पटलेलं नाही. माझीच कल्पना होती, तेव्हा बोलायचा हक्क मला कमीच आहे, तरी बोलतो. ताईंनी सासूबाईंचं दोन वर्षं सगळं केलं. आमची धाकटी सुट्टीला यायची, थोरलीने करायचं, हे आमच्या घरीही सगळे मानतात. आज त्यांच्या वडलांच्या मनात त्या कपाट उघडून पैसे काढणाऱ्या आहेत. त्यांनी माफ केलंय म्हणता? जे केलंच नाही त्याची माफी घेऊन कुणी कसं राहायचं? आणि त्यांना माहीत नाही म्हणून चालतं, हे तर तुम्ही बोलूच नका. नानांनाही माहीत नव्हतं, म्हणूनच आपण इथवर आलो.

नाना राहायला पाहिजेत, मलाही पाहिजेत. पण ते ताईंच्या नावावर राहणार असतील तर निदान ताईंना विचारा. आता आपण दोघांनी परस्पर ठरवायचं पुरे झालं.

तुम्ही सांगा. नाहीतर येत्या सुट्टीत मी येऊन सांगतो.

खजिनदार


१६ जून

अहो धाकटे जावई,

पत्र माझं आहे, घाबरा. तुमच्या डेपोचा पत्ता मला यांच्या शर्टाच्या खिशात सापडला नाही, यांनीच दिला. खाली मान घालून दिला.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी हे दुपारीच घरी आले. तिसरं यंत्रही झाकलं, छापखाना बंद झाला. मी पाणी दिलं तर ग्लास हातात धरून बसून राहिले. मला वाटलं नोकरीचं दुःख. मग म्हणाले, "तुला अजून एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. नानांचं पत्रही दिलं.

तुम्हा दोघांना काय म्हणू? मान राखायचा म्हणे. पुरुषांनी एकमेकांचा मान राखायचा, आणि मधल्यामधे मी चोर! मी यांच्याशी बोलले नाही. रडले, चांगली रडले. पैशांसाठी नाही. नानांना माझ्याबद्दल असं वाटूच कसं शकलं, म्हणून. त्यांनी रागवायला हवं होतं, विचारायला हवं होतं, "तू घेतलेस का?" मी नाही म्हटलं असतं, मिटलं असतं. न विचारता मनात ठरवून टाकलं आणि वर माया करत राहिले. ती माया मला काट्यासारखी टोचत होती.

तोंड धुतलं आणि त्यांच्या खोलीत गेले. ठरवून गेले होते, सांगणार होते की नाना, मी नाही.

ते शर्टाचं बटण लावत बसले होते. सुईत दोरा जात नव्हता. मी घेतला आणि ओवायला लागले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं मी रडलेय ते. यांचं काम गेल्याचं त्यांनी दारातूनच ऐकलं होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तुझी आई माझ्या पाकिटातून पैसे घ्यायची. माहीत आहे तुला?"

मला नव्हतं माहीत.

"लग्न झाल्यापासून. मी बँकेतला माणूस, मला पाकिटातल्या नोटा कळणार नाहीत? महिनाअखेरीला मी पाकिटात थोडे जास्त ठेवून द्यायचो. कधी बोललो नाही. बोललो असतो तर तिला मागावं लागलं असतं. घरच्या माणसाला मागायला लावायचं नसतं." मग म्हणाले, "मी उगाच चेकचं खूळ धरलं होतं. चेकवर कुणी दिले आणि कुणाला दिले ते लिहावं लागतं. घरात कशाला लिहायला हवं?"

आई घ्यायची, तशी मी घेते, असं त्यांनी धरलं होतं. मी ज्याला चोरी समजून रडत होते ते त्यांच्या लेखी चोरी नव्हतंच. त्यांना मी आईसारखी वाटत होते. मी 'नाही' म्हटलं असतं तर मी सुटले असते, आणि न मागता देण्याचं हे सुख त्यांच्याकडून गेलं असतं. सुईत दोरा ओवला गेला. मी म्हटलं, "हो नाना. अडचण होती."

गंमत बघा, बोलले तेव्हा ते अर्धं खरंही झालं होतं. यांना दुसऱ्या छापखान्यात औषधांची खोकी छापायचं काम मिळेलसं दिसतंय, पण पगार कमी आहे.

तेव्हा आता दोघांनीही गप्प बसायचं. नानांच्या हिशेबी मी शेवटपर्यंत न विचारता घेणारीच राहणार. मला ते चालतं असं नाही. पण मी ते माझ्या मनाने घेतलंय, तुम्ही दोघांनी माझ्या गळ्यात घातलंय म्हणून नाही, हा फरक ध्यानात ठेवा. धाकटीला मी सांगेन, तुम्ही नको. आणि तुमच्याकडे मशीनं काढायची यादी असते म्हणे. आमच्या कोपऱ्यावरचं मशीन यादीत आलं तर मला आधी कळवा.

या महिन्याच्या पैशांतून त्यांचा चष्मा केला. "माझ्याजवळच्या पैशांतून केलाय," म्हटलं. एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत.

या एक तारखेला नाना इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. हे सवयीने उभे राहिले. नानांच्या हातात चेक नव्हता. "तुम्ही बसा," यांना म्हणाले, आणि मला म्हणाले, "चल."

आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. त्यांनी खिशातून कार्ड काढून मला दिलं आणि माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात जरा फाकवून, मागून कुणी बघू नये म्हणून. मी आकडा दाबला, रक्कम दाबली. आत नोटा मोजल्याचा आवाज झाला. त्यांनी मान वळवली नाही. मी पैसे पर्समध्ये ठेवले, पर्सची चेन लावली, तेव्हा कुठे वळले.

परत येताना त्यांनी माझा दंड धरला होता. अर्ध्या वाटेवर विचारलं, "पुरतील ना?"

"पुरतील, नाना."

"कमी पडले तर विचारत बसू नकोस," ते म्हणाले.

ताई